घोटभर गोडं पाणी

बोईसरच्या नाक्यावर आम्ही कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतो, तिथल्या भिंतीवर गेल्या महिन्यात एका सकाळी एक पोस्टर लागलेलं दिसलं. एक म्हातारा चेहरा, अर्धा वाळूत रुतलेला, डोळे मिटलेले, दाढीच्या खुंटांत वाळूचे कण. खाली सिनेमाचं नाव आणि त्याखाली ह्या महिन्यातली तारीख. गेली तीन वर्षं तारखेच्या जागी नुसतं ‘लवकरच’ असायचं. पॅकिंगमधला रामसजन माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, “ये बुड्ढा अभी भी पिक्चर बनाता है?” मी म्हटलं, “बनाता है. ये वाला तो हमारे गाँव में बनाया.” एरवी हे वाक्य बोलताना माझी मान आपोआप ताठ व्हायची. त्या दिवशी झाली नाही. बस आली तेव्हा मी सगळ्यांत शेवटी चढलो.

थंडी पडायला लागली की आमच्या शिरगावच्या किनाऱ्यावर बोंबील चढतात. उभ्या बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून केलेल्या वलांड्या, आणि त्यांवर एका ओळीत लटकलेले बोंबील. बोंबील दोरीवर टाकायची रीत अशी, की दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन बाजूंना सोडायची. ना गाठ, ना खिळा. वारा कितीही सुटला तरी जोडी सुटत नाही. माझी जमनाकाकी हे काम समोर न बघता करते. बोलताना तिचे डोळे तुमच्याकडे असतात आणि हात तिकडे जोड्या लावत असतात. बोंबलाच्या त्या बारीक काट्यांसारख्या दातांनी तिची बोटं इतक्या वेळा टोचली आहेत, की आता ती टोचण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, ती तर नाहीच.

मी मात्र त्या वासातून पळालेला माणूस आहे. कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर बाटल्या हलवायच्या, रंग बघायचे, वासावरून माल ठीक आहे की बिघडला ते सांगायचं. संध्याकाळी पालघरला उतरून गावच्या एसटीत बसलो, की आमच्या आळीतल्या बाया मासळीच्या पाट्या घेऊन चढतात आणि नोकरदार मंडळी नाकाला रुमाल लावतात. पूर्वी मीही खिडकीबाहेर बघत बसायचो, जणू ह्या बायांशी माझा काही संबंध नाही. ही सवय मला फार आधीपासून आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात तीच नडली, म्हणून आताच कबूल करून टाकतो.

त्या म्हाताऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. नट आणि दिग्दर्शक, दोन्ही. त्याचे गुन्हेगारीचे सिनेमे बघत आमची पिढी मोठी झाली. बोईसरला एका गाळ्यात काळे पडदे लावून व्हिडिओवर सिनेमे दाखवायचे, तिथे आम्ही त्याचा एकेक सिनेमा चारचारदा बघितला. तो कधी आरडाओरडा करायचा नाही. समोरच्याचा गळा धरतानाही आवाज असा, की जणू घरी पाहुण्याला चहा विचारतोय. गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी त्याच आवाजात बोलायचो. नाटक पौराणिक असलं तरी. लोक हसायचे आणि मला वाटायचं, आपल्या अभिनयाला दाद मिळते आहे.

माझ्याहून मोठा त्याचा चाहता घरात एकच होता, भालूकाका. जमनाकाकीचा नवरा, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. लग्नाच्या वर्षी तो काकीला त्याचा सिनेमा दाखवायला पालघरला घेऊन गेला होता. काकी पहाटे मासळी घेऊन बाजार करून आलेली. दिवे मालवले तशी तिला झोप लागली, ती एकदम शेवटी बाकडी वाजली तेव्हाच जागी झाली. काका रस्ताभर तिला गोष्ट सांगत आला. “मेला कोन, तेवढा सांग फक्त,” असं ती म्हणाली म्हणे. हा किस्सा काका नंतर कित्येक वर्षं सांगायचा, आणि दर वेळी मेलेला माणूस वेगळा असायचा.

भालूकाका समुद्रात गेला तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या दिवसांत, जाळं ओढताना होडी कलली आणि तो गेला. सोबतच्यांनी दोन दिवस शोधलं. इतर गावांच्या होड्यांनीही शोधलं. मग ते परत आले आणि आमच्या दारात खाली मान घालून उभे राहिले. तो मिळाला नाही.

आमच्या आळीत एक चाल आहे. दुसरीकडे आहे की नाही, मला माहीत नाही. समुद्रानं माणूस परत दिला, तर रडण्याच्याही आधी घरच्यांपैकी कोणीतरी त्याच्या तोंडात विहिरीचं घोटभर गोडं पाणी सोडायचं. खारं पाणी पीत गेलेला माणूस तहानेनं गेलेला असतो, असं म्हणतात. ते पाणी मिळालं की मग पुढचं सगळं. भालूकाकाच्या वेळी भटजींनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला सांगितलं, तसा दिला. कोणीतरी काकीच्या हातात तांब्या दिला आणि म्हणालं, पाणी पाज. काकीनं त्या गवताच्या पुतळ्याकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. “गवताला काय तान लागते?” एवढंच म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर ती कोणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. सरकारी कागदावर काका पुढची सात वर्षं बेपत्ता होता.

मग तीन हिवाळ्यांपूर्वी, बोंबलांच्याच दिवसांत, तो म्हातारा आमच्या किनाऱ्यावर आला. सोबत गाड्या, छत्र्या, पंखे आणि शंभरभर माणसं. सिनेमा गुन्हेगारीचाच. एक उतारवयातला तस्कर किनाऱ्यावर मरून पडलेला सापडतो, आणि त्याला कोणी आणि का मारलं हे उलगडत गोष्ट मागे मागे जाते. तस्कर तो स्वतः. म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीलाच आपलं प्रेत आपणच व्हायचं, अशी त्याची योजना. हा त्याचा शेवटचा सिनेमा, असं त्याची माणसं दबक्या आवाजात बोलायची. तो खोकायचा फार. खोकला आला की सुरूच्या झाडाला एक हात टेकून उभा राहायचा आणि दुसऱ्या हातानं बाकीच्यांना खूण करायचा, तुमचं चालू द्या.

मी काकी आजारी आहे असं सांगून कंपनीतून आठवड्याची रजा काढली. काकी ठणठणीत होती, वलांडीवर होती. गावातला आणि नाटकात काम केलेला माणूस म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं. बायांना कुठे उभं राहायचं ते सांग, कुत्री हाकल, होड्या हलवून घे. आणि तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं स्वतः मला बोलावून एक भूमिका दिली. पंचनाम्याच्या वेळी पोलीस गावातल्या पंचाला विचारतो, ओळखतोस का ह्याला? पंच वाकून बघतो आणि म्हणतो, “नाही साहेब. आमच्या गावचा नाही.” झालं, एवढीच. मी ती दोन वाक्यं घरी आरशासमोर किती वेळा म्हटली असतील, ते सांगायला लाज वाटते.

त्या दिवसांत म्हातारा मधल्या वेळात वलांड्यांमध्ये येऊन बसायचा. उपडी पाटी घ्यायचा आणि बायांचं काम बघायचा. एकदा त्यानं काकीकडून दोन बोंबील मागून घेतले आणि जोडी लावायला गेला. लगेच बोटाला रक्त आलं. काकी म्हणाली, “रेटू नका. त्याचा तोंड त्यालाच उघडू द्या.” तो हसला. मग बराच वेळ त्या दोन माशांशी झटत बसला आणि शेवटी एक जोडी लागली. ती त्यानं दोरीवर टाकली आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं. काकीला तो कोण, हे माहीत होतं. मी तिला म्हटलं, “काकी, काकाचा आवडता नट.” ती म्हणाली, “म्हातारा झाला.” मला वाटलं, ती त्याच्याबद्दल बोलते आहे. आता वाटतं, काका जगला असता तर किती म्हातारा दिसला असता, ते ती मोजत असावी.

मुख्य प्रसंग सकाळच्या उन्हात होता. ओहोटी लागलेली. ओल्या वाळूत म्हातारा पालथा, एक गाल खाली, एक हात पुढे. अंगावरचे कपडे समुद्राच्या पाण्यात बुडवून आणलेले. मागे वलांड्या, त्यांच्यासमोर आमच्या आळीतल्या बाया एका ओळीत. त्यांनी फक्त उभं राहायचं आणि बघायचं. मग जीप येणार, पोलीस उतरणार, त्यांच्यामागून मी. मी जीपच्या आडोशाला डोक्यावरची टोपी नीट करत उभा होतो.

सगळे गप्प झाले. कॅमेरा समुद्राकडून हळूहळू किनाऱ्याकडे यायला लागला. आणि ओळीतून काकी निघाली.

ती घाईनं चालली नाही. काम संपवून घरी जाताना चालते, तशीच चालली. वलांडीच्या खांबाला तिची पाण्याची बाटली टांगलेली होती, ती घेतली. म्हाताऱ्याजवळ गेली, गुडघ्यांवर बसली, त्याला कुशीवर वळवलं, डाव्या हातानं त्याची मान उचलून आपल्या मांडीवर घेतली, अंगठ्यानं त्याच्या ओठांवरची वाळू पुसली आणि बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. कोणी तिला थांबवलं नाही. ‘कट’ म्हणायचा अधिकार ज्याचा, तोच मेलेला होता. त्याचे सहाय्यक एकमेकांकडे बघत राहिले. मी जीपच्या मागून स्पष्ट बघितलं, म्हाताऱ्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. तो प्यायला.

मग त्यानं डोळे उघडले. काकीच्या मांडीवर डोकं तसंच ठेवून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या त्याच्या चहा विचारण्याच्या आवाजात म्हणाला, “बाई, अजून आहे का?”

काकीनं उरलेलं सगळं पाजलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी ते नीट बघितलंही नाही. माझ्या मनात एकच विचार होता, आता माझं वाक्य राहणार.

म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला, शाल दिली. तो मग सहाय्यकाशी हळू आवाजात काही बोलला. सहाय्यक माझ्याकडे आला. “सर कह रहे हैं फिर से लेंगे. आप आंटी को ज़रा पीछे ले जाइए, फ्रेम से बाहर.” मी काकीचा हात धरला आणि तिला वलांड्यांच्या मागे घेऊन गेलो. तिथे जुनी जाळी पडलेली असतात, त्यांवर बसवलं. ती म्हणाली, “चुकला का काय माझा?” मी म्हटलं, “छे, एक नंबर झालं. तुझं काम संपलं, म्हणून बस आता. हेच ठेवणार आहेत सिनेमात.” आणि पळत जाऊन जीपमागे उभा राहिलो.

मला तिची समजूत घालायची होती, असं मी स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं. ते काही खरं नाही. तिनं पुन्हा मध्ये येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्यांदा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. म्हातारा पडला, बाया उभ्या राहिल्या, जीप आली. मी वाकलो, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठांच्या कडेला काकीच्या पाण्यानं धुतलेली जागा दिसत होती, ती नंतर वाळू लावून झाकली. “नाही साहेब. आमच्या गावचा नाही.” तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळेनंतर म्हातारा उठून बसला, कपड्यांवरची वाळू झटकली आणि मला म्हणाला, “छान बोललात. अगदी ओळख नसल्यासारखं.” आयुष्यात मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी. मी ती घरोघर सांगितली. त्यात मला काही खटकलं नाही, निदान त्या हिवाळ्यात तरी नाही.

खटकायला लागलं ते पुढच्या वर्षी. सिनेमा दिवाळीत येणार होता, आला नाही. मग उन्हाळ्यात येणार होता. मग कळलं की म्हातारा इस्पितळात आहे. मग कळलं, बरा आहे, पण काम पैशावाचून अडलंय. दर वेळी आळीतले लोक हळहळायचे आणि माझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. काकीला येताजाता कोणी ना कोणी विचारायचं, “काकी, तुजा पिक्चर कदी?” ती म्हणायची, “येल.” कोणी पाहुणा आला की बाया तिला पुढे करायच्या, हिनं त्या नटाला पाणी पाजलं म्हणून. काकी मान डोलवायची. “पाजला,” म्हणायची. मी तिथे असलो तर काही तरी कारण काढून उठायचो. ज्या माणसाचे सिनेमे बघायला मी शाळा बुडवली, त्याचा शेवटचा सिनेमा कधीच येऊ नये, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. एकदा तर तो गेल्याची अफवा आली तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि मग दिवसभर कंपनीत कोणाशी बोलवेना.

ह्या गुन्हेगारीच्या सिनेमांची मला आता एक गंमत वाटते. त्यांत सुरुवातीलाच प्रेत सापडतं आणि मग सगळं आपोआप सुरू होतं. पोलीस येतात, कोणी कोणाला शेवटचं बघितलं ते निघतं, खोटं बोललेली माणसं पकडली जातात. आमच्याकडे प्रेत सापडलं नाही आणि काहीच सुरू झालं नाही. काकी दुसऱ्या आठवड्यात पाटी घेऊन बाजारात गेली. तिला बसायला, रडायला, कोणाला दोष द्यायला काही हातातच आलं नाही. आणि आम्ही घरचे तिच्याकडे बघून म्हणायचो, बाई धीराची आहे.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत रामसजननं त्याचा मोबाइल माझ्यासमोर धरला. ट्रेलर आला होता. आमचा किनारा, उतरत्या पाण्याची चमक, वलांड्या, ओळीत उभ्या बाया. वाळूत म्हातारा. खाकी कपड्यांतला एक पाय, माझ्या सदऱ्याची बाही, आणि काळ्या पडद्यावर माझा आवाज, “नाही साहेब. आमच्या गावचा नाही.” मग सिनेमाचं नाव. रामसजननं माझी पाठ थोपटली. मी डबा अर्धा टाकून दिला.

संध्याकाळपर्यंत ते आळीतल्या प्रत्येक मोबाइलवर होतं. मी एसटीतून उतरलो तर थांब्यावरच्या मंडळींनी एका सुरात स्वागत केलं, “कोन हाय हा? आमच्या गावचा नाय!” हसणं, टाळ्या. घराघरातून माझाच आवाज ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा, एकच वाक्य. काकीच्या शेजारच्या घरातूनही. एकीनं मला विचारलं, “काकी नाय दिसली ती?” मी म्हटलं, “ट्रेलरमध्ये सगळं नसतं.” हे खोटंही अगदी सहज निघालं.

रविवारी दुपारी मी वलांडीवर गेलो. काकी एकटीच होती. पूर्वी तिच्याकडे चार ओळी असायच्या, आता एकच असते आणि तीही कधी अर्धी राहते. मी तिच्या पाटीजवळ बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, हात चालूच होते.

“काकी, सिनेमात तुझं पाणी नाही,” मी म्हटलं. “ते त्यांनी काढून टाकलं. तुला मागे बसवल्यावर सगळं परत केलं. तू नसलेलं. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मला बी,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

“जाल्यांवर बसवला ना तू मला? ते काय लांब हाय? सगला ऐकाय येतं तिथं.” तिनं एक जोडी दोरीवर टाकली. “तीनदा बोलला तू. आमच्या गावचा नाय, आमच्या गावचा नाय. मी मोजला.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज बाजारात भाव सांगताना असतो, तसाच होता.

“मग एवढी वर्षं तू लोकांना सांगत होतीस…”

“काय सांगत होती? पानी पाजला, येवढाच सांगितला. पाजला ना? का तो बी खोटा?”

“खोटं नाही.”

“सिनेमात दिसन, असा मी कदी बोलली? तू बोलला तो.”

खरंच, ती कधीच तसं म्हणाली नव्हती. मी विचारलं, “मग तू वाट कसली बघतेस?”

तिनं पाटीतले दोन बोंबील घेतले, हातात धरून ठेवले.

“पयल्या खेपेला मी पाजला, तो उठला, चा पिऊन खुर्चीत बसला,” ती म्हणाली. “दुसऱ्या खेपेला पडला त्याला कोनी पाजला नाय. सिनेमात तोच हाय ना?”

“हो. तोच.”

“मंग तो तसाच पडलेला असंल. जवा जवा लावतील तवा तवा. तानेला.” तिनं दोन्ही जबडे एकमेकांत अडकवले आणि जोडी दोरीवर सोडली. “इथं वालूत पडलेला मानूस हाय आनि पानी नाय पाजला, असा कसा चालंल? बघायला जायाचा मला. तू नेशील?”

“नेईन.”

“थेटरात पान्याची बाटली नेऊ देतात?”

बोईसरच्या थेटरात दारावर पिशव्या उघडून बघतात, बाहेरचं खाणं नाही, पाणीही नाही. मी ‘देतात’ म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता.

“नाही देत, काकी. दारातच काढून घेतात.”

तिनं मान हलवली, जणू तिला तेही ठाऊक होतं. मग म्हणाली, “तो पडलेला कदी येतो? आरंभाला का शेवटाला?”

“आरंभालाच. अगदी पहिल्यांदा तोच.”

“मंग जमंल. घोटभर तोंडात धरून नेन.”

“आणि मग?”

“मंग काय. तो दिसला का त्याच्या वाटचा मी गिळन.” पाटी रिकामी झाली होती. तिनं ती वाळूत उपडी केली, झटकली. “तू फक्त तवा मला काय विचारू नको. बोलाय येनार नाय मला.”

मी पहिल्या दिवसाची दोन तिकिटं काढली आहेत. दिवे मालवतील, म्हातारा वाळूत पडलेला दिसेल, आणि मी पडद्यावरून सांगेन की हा आमच्या गावचा नाही. तेव्हा शेजारच्या खुर्चीत काकी बसलेली असेल, तोंडात पाणी धरून.